कमानीखाली

सर्वपित्रीला बद्रीनाथ गवंड्याच्या घरात पानं किती मांडायची, हे आजवर कुणाला विचारावं लागलं नव्हतं. बद्रीनाथच्या बापाचं, कडूबाचं एक, त्याच्या बायकोचं एक, लहानपणी गेलेल्या दोन लेकींचं मिळून एक, आणि शेवटचं कडूबाच्या जोडीच्या गवंड्याचं, इब्राहीम मिस्त्रीचं. पहिली तीन पानं कावळ्यांसाठी माळवदावर जायची. मिस्त्रीचं पान मात्र ओसरीवरच मांडलं जाई, कारण ते जेवायला माणूस येई. मिस्त्रीचा नातू गयास दरवर्षी कसबे पिंपरीहून एसटीनं निघून पडेगावच्या फाट्यावर उतरायचा, हातपाय धुऊन पाटावर बसायचा आणि आजोबाच्या नावाची खीर दोनदा मागून घ्यायचा. मुसलमानाला कसलं आलंय पित्तर, असं भावकीत लोक बोलत. बोलेनात का. कडूबानं मरताना तसं सांगून ठेवलं होतं, आणि मेलेल्या कडूबाला या घरात जिवंत माणसांपेक्षा जास्त भीत असत.

यंदा आवडाबाईनं चुलीपुढून उठून दारात येऊन विचारलं, “पानं किती मांडू?” ओसरीवर तिचा नवरा होता, दोन लेक होते, व्याही होते. एकानंही मान वर केली नाही. ती आत गेली.

गयासला जाऊन महिना झाला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, पिंपरीच्या तहसील कचेरीची डावीकडून दुसरी कमान खाली आली. त्याच कमानीखाली गयास चटई टाकून लोकांचे अर्ज लिहीत बसायचा. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार उर्दूतून मराठीत आला, तेव्हा दोन्ही लिप्या वळणदार लिहिणारा तालुक्यात तो एकटाच होता, म्हणून त्याच्यापुढं नेहमी रांग असे. त्या दिवशी पावसाची झिमझिम होती. रांग नव्हती, गयास एकटाच होता. देवानं दया केली म्हणायची तर एवढीच.

आणि त्या कमानीची दुरुस्ती संक्रांतीच्या सुमारास केली होती ती सांडूनं, बद्रीनाथच्या धाकट्या लेकानं.

सोमवारी चौकशीचा साहेब येणार होता. त्याला एवढंच ठरवायचं होतं, की कमान पडली ती बांधणाऱ्याच्या चुकीनं की दुरुस्त करणाऱ्याच्या. दुरुस्त करणाऱ्याची चूक निघाली तर सांडूवर खटला होणार आणि तो तुरुंगात जाणार, हे वकिलानं स्पष्टच सांगितलं होतं. बांधणारे कडूबा आणि इब्राहीम, दोघंही केव्हाच गेलेले. त्या कामाला हात लावलेला जिवंत माणूस आता एकच उरला होता, तो म्हणजे बद्रीनाथ. एकोणसत्तर वर्षांचा हा म्हातारा जे सांगेल तेच साहेब लिहून घेणार होता. ओसरीवरची सगळी माणसं आज पितरांसाठी जमली होती असं म्हणायचं, पण पितरांची आठवण कुणालाच नव्हती.

व्याही तात्यासाहेब, म्हणजे सांडूचे सासरे, सकाळीच जीपमधून आले होते. जिल्हा परिषद नवी झाली होती, तात्यासाहेब तीत निवडून आले होते, आणि अजून त्यांच्या अंगावरचा गुलाल पुरता उतरला नव्हता. जावयाच्या घरी ते पाणीसुद्धा बेतानं पीत, पण आज चहाचे दोन कप झाले तरी त्यांचं बोलणं काही मुद्द्यावर येईना. पाऊस, कापूस, शहरातल्या औरंगपुऱ्यातली गर्दी, सगळं बोलून झालं. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

कचेरीच्या सात कमानी, अशी त्यांनी सुरुवात केली. उजवीकडच्या तीन कडूबांनी बांधलेल्या, डावीकडच्या तीन इब्राहीमनं, आणि मधली दोघांनी मिळून. हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. उजवीकडं एक टवका उडालेला नाही. पडली ती डावीकडची. मग आपल्याला वेगळं काय सांगायचंय? कडूबांच्या नावाला धक्का नाही, सांडूला धक्का नाही. सगळं आपोआप जुळून आलेलं आहे.

बद्रीनाथला त्यांचं बोलणं संपायच्या आधीच कळलं होतं. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

“मिस्त्रीचं काम कच्चं व्हतं असं म्हना म्हनता?” थोरला लेक कारभारी बोलला. घरची चुन्याची भट्टी आणि घाणी तोच सांभाळत होता, आणि जन्मभर चुन्यात राहून त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे पडले होते. “तात्या, डावीकडची पडली कारन सांडूनं सिमिट डावीकडूनच लावत आनलं. दोन कमानी झाल्या अन् काम थांबलं. उजवीकडं सिमिट गेलं असतं तर आज उजवीकडची पडली असती. चुना पानी पितो अन् वाळतो. सिमिट पानी आत कोंडतं. हे मला कळतं, आबांला कळतं, अन् ह्या सांडूलाबी कळतं.”

सांडू खांबाला टेकून बसला होता. तीन वर्षांपूर्वी वेगळा होऊन त्यानं औरंगपुऱ्यात खोली घेतली होती, दारावर सरकारी कंत्राटदार म्हणून पाटी लावली होती. शहागंजातून सिमेंटच्या गोण्या भरताना, बापभाऊ अजून घाणीभोवती बैल फिरवताहेत म्हणून मित्रांत हसायचा. आता महिनाभरात त्याचं तोंड सुकून गेलं होतं.

“कारभारी, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं करू नका,” तात्यासाहेब म्हणाले. मग बद्रीनाथकडं वळले. “इवाई, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाय. इब्राहीमला आता काय होनार हाय? आन् आताचे दिवस तुमी बघताच. त्याच्यासाठी कोन भांडायला येनार?”

हे शेवटचं वाक्य त्यांनी हळूच म्हटलं, पण ते साऱ्यांनी ऐकलं. खरं होतं. भांडायला कुणी येणार नव्हतं.

बद्रीनाथच्या डोळ्यापुढं कचेरी उभी राहिली. फसली तेराशे एकवीस साल, म्हणजे एक्कावन्न वर्षांपूर्वी, तो अठराचा, नुकतं लग्न झालेलं. काळ्या दगडाचा छातीएवढा चौथरा, त्यावर विटांच्या आणि चुन्याच्या सात कमानी, प्रत्येक कमानीला नऊ पाकळ्या. भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस निजावा. वर सागवानी तुळया, त्यावर माळवद, माळवदावर चुन्याचा कोबा. त्या कोब्यासाठी चाळीस बाया ओळीनं बसून महिनाभर लाकडी चोपण्यांनी ठोकत होत्या आणि गाणी म्हणत होत्या. चुना भिजवून सहा महिने खड्ड्यात ठेवला होता. त्यात गूळ, बेलफळाचा गर आणि हिरड्याचं पाणी. इब्राहीम मिस्त्री तो चुना जिभेवर ठेवून बघायचा आणि अजून आठ दिवस म्हणायचा. वरून आलेला कामावरचा साहेब चिडायचा, मिस्त्री आपला हसायचा.

आणि कमान पुरी झाली की खालचा लाकडी साचा काढायचा दिवस. त्या दिवशी साऱ्या गड्यांना लांब उभं करत, आणि ज्यानं कमान बांधली त्यानं एकट्यानं तिच्याखाली उभं राहायचं. साचा निघाला आणि कमान बसली तर तो बाहेर यायचा. नाही बसली तर नाही यायचा. हा इब्राहीम मिस्त्रीचा रिवाज होता, तो कडूबानं उचलला. स्वतः ज्याच्याखाली उभं राहवत नाही ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नये, असं मिस्त्री म्हणे. डावीकडून तिसऱ्या कमानीला त्यानं बद्रीनाथला हाताला धरून खाली ओढलं होतं. तिच्या चार ओळी तूही बांधल्यास, मग तूही उभा राहा, असं म्हणाला. साचा निघाला, थोडी माती डोक्यावर पडली, आणि वर कमान होती तशी राहिली. बद्रीनाथला वाटतं, आपण गवंडी झालो ते त्या घटकेला.

“आबा, काय तरी बोला,” कारभारी म्हणाला.

बद्रीनाथला काही बोलावं लागलं नाही, कारण तेवढ्यात अंगणाच्या दारात सगीरा उभी होती.

सगीरा ही इब्राहीम मिस्त्रीची सून, गयासची आई. ती या घरी चौदा वर्षांनी येत होती. रझाकारांच्या धुमाकुळात म्हाताऱ्या इब्राहीमनं याच ओसरीवर महिनाभर खाट टाकली होती, आणि येईल त्याला तो सांगायचा की हे घर माझं आहे. मग ॲक्शन झाली, वारं फिरलं. सगीराचा नवरा बाजाराला गेला तो परत आला नाही. तेव्हा सगीरा आणि सोळा वर्षांचा गयास आठ दिवस चुनाभट्टीमागच्या खोपीत राहिले, आणि आवडाबाई वर गोवऱ्या, खाली भाकरी अशी पाटी डोक्यावर घेऊन तिकडं जायची. असं सगळं असल्यावर आता कुणी कुणाला काय म्हणायचं?

तात्यासाहेबांनी टोपी डोक्यावर घातली. सांडू उठून आत जायला लागला आणि मधेच थांबला.

सगीरानं बुरख्याचा पडदा वर केला, डोक्यावरून ओढणी सारखी केली. जोहरा, म्हणजे गयासची बायको, इद्दतीत आहे, तिला घराबाहेर पडता येत नाही, म्हणून मी आले, असं ती म्हणाली. कशासाठी आली ते कुणी विचारलं नाही. ओसरीच्या कडेला तीन पानं मांडलेली होती. सगीरानं ती पाहिली. तिला तो रिवाज गयासकडून चांगला माहीत असणार.

आवडाबाई आतून चौथं पान घेऊन आली. कुणाकडं न बघता तिनं ते ओसरीवर मांडलं, पाट ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला. भात, वरण, गवारीची भाजी, वडे, कढी, खीर. सगीरा हात धुऊन पाटावर बसली आणि सावकाश जेवली. खीर संपल्यावर तिनं वाटी पुढं केली.

“गयास दो बार लेता था ना, भाभी? डालो.”

आवडाबाईनं वाढली. थोडी पानाबाहेर सांडली.

जेवण झाल्यावर सगीरा बद्रीनाथसमोर, पण जरा तिरकी, थोरल्या दिरापुढं बसावं तशी बसली. “भाऊ, म्या कोनाला धरा, कोनाला बांधा म्हनत नाय,” ती म्हणाली. “पोरगं गेलं, ते काय येत नाय. पन पिंपरीत मान्सं बोलाया लागले. आज्याचं काम कच्चं व्हतं, ते नातवाच्याच डोक्यावर पडलं म्हनतात. मला दारात येऊन सांगतात. अब्बा का हात कच्चा था क्या, भाऊ? तुमी त्यांच्या हाताखाली काम केलं. आमच्याकडं आता दुसरं काय राह्यलं न्हाय. नाव तेवढं हाय. ते साहेबाला सांगा.”

“नव्हता,” बद्रीनाथ म्हणाला. “मिस्त्रीचा हात कच्चा नव्हता, सगीरा. त्यांच्यासारखा हात म्या पुन्यांदा बघितला नाय.”

ती उठली. एवढंच ऐकायला ती तीस मैल आली होती. जाताना तिनं आपलं पान स्वतः उचललं, धुवायला काही नव्हतं तरी हात पुन्हा धुतले. खांबापाशी उभ्या असलेल्या सांडूकडं एकदा नीट बघितलं, आणि फाट्याकडं चालू लागली.

तात्यासाहेब निघताना फार बोलले नाहीत. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले की माझ्या लेकीला सातवा महिना आहे, याचा इवायांनी विचार करावा.

दुपारी पानं माळवदावर ठेवली. कावळे आले की नाही हे बघायला कुणी वर गेलं नाही. बद्रीनाथ ओसरीवरच आडवा झाला. आवडाबाई उष्टी भांडी घेऊन अंगणात बसली होती आणि एकच पातेलं पुन्हापुन्हा घासत होती. मग ते तसंच टाकून राखेच्या हातांनी नवऱ्याजवळ येऊन बसली.

“तुमी तिला कबूल केलं,” ती म्हणाली.

“खरं तेच सांगितलं.”

“खरं मलाबी ठावं हाय. गयास ह्याच घरात दोन घास खाऊन मोठा झाला.” तिनं नाक पुसलं, गालाला राख लागली. “पन ती आई हाय तशी म्याबी आईच हाय. तिचं गेलं. माझं अजून हाय. मला ते राखायचंय. मला पापीन म्हना, पर पोराला राखा.”

एवढं बोलून ती पुन्हा भांड्यांकडं गेली. जिनं कुणालाही न विचारता चौथं पान मांडलं, तीच ही बाई. बद्रीनाथला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

ऊन कलल्यावर तो काठी घेऊन भट्टीकडं गेला. कारभारी घाणीपाशी होता. बैल गोल फिरत होता, दगडी चाक चरातल्या चुन्यातून करकरत जात होतं. सकाळी खरं बोलणारा एकच माणूस या घरात निघाला होता, आणि त्याच्या शब्दाच्या आधारानं आपणही उभं राहू, असं म्हाताऱ्यानं मनाशी ठरवलं होतं. पण कारभारीनं बैल थांबवला आणि बापाकडं पाठ करून तो बोलायला लागला.

“आबा, एक गोष्ट म्या सकाळी बोललो नाय. काम घेतल्यावर सांडू हितं आला व्हता. दादा, मला चुना दे म्हनला. त्या कमानीला सिमिट धरनार नाय, मला कळतंय म्हनला.” त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. “म्या म्हनलं, तू सरकारी कंत्राटदार, तुझं सिमिटच लाव. वेगळं व्हताना आमचा चुना तुला घान वाटत व्हता ना? तो हात जोडून उभा व्हता, अन् म्या बैल हाकीत राह्यलो.”

बद्रीनाथ चुन्याच्या ढिगावर टेकला.

“साहेबानं सांडूला धरलं तर तो हे सांगंल. नाय सांगितलं तरी मला ठावं हाय. तात्या म्हनतात तसंच करा, आबा. मिस्त्रीला आता काय व्हनार?”

असा कारभारीचाही आधार गेला. बद्रीनाथजवळही एक गोष्ट होती आणि ती त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती.

अक्षय तृतीयेच्या सुमारास एका लग्नाला तो पिंपरीला गेला होता. सवयीनं कचेरीकडं वळला. डावीकडच्या पहिल्या दोन कमानी करड्या झाल्या होत्या, पाकळ्यांच्या कडा बुजल्या होत्या. खालच्या बाजूला भिंतीवर पांढरी फुलं आली होती. भिंतीला लोणा लागला होता. त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं तर खारट लागलं. आतला चुना पाण्यात कुजत चालला होता, बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. इब्राहीम मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला याहून जास्त काही कळायची गरज नव्हती. गयासनं त्याला चटईवर बसवून चहा पाजला आणि सहज विचारलं, “काका, ही भिंत उन्हाळ्यातबी ओली का लागती?”

तेव्हा आजूबाजूला पिंपरीची चार माणसं बसली होती. आपल्या लेकाचं उणं परक्यांपुढं काढायचं नाही, हे त्याच्या हाडात होतं. तो म्हणाला, “नवं काम हाय, वाळंल.”

घरी येऊन सांडूला निरोप तरी द्यायचा. पण सांडू वेगळा झाला तेव्हा, तुझ्या कामात मी कधी तोंड घालणार नाही, असं बद्रीनाथ रागानं बोलून बसला होता. आणि शब्द मोडायचा नाही, हा कडूबाचा वारसा. शब्द मोडला नाही. गयास चटई तिथंच टाकत राहिला, कारण काकांनी वाळेल म्हणून सांगितलं होतं.

रविवार तसाच गेला.

सोमवारी सकाळी पिंपरीच्या कचेरीपुढं दोरी बांधली होती. दारावरचं आसफजाही सरकारचं गिलाव्यातलं चिन्ह ॲक्शननंतर कुणीतरी छिन्नीनं उडवलं होतं, तिथं तेवढी जागा खरबडीत राहिली होती. खाली सात कमानींतली एक नव्हती. तिच्या जागी लाकडाचे टेकू दिले होते, विटांचा ढीग बाजूला ओढून ठेवला होता. बाकीच्या कमानी उन्हात उभ्या होत्या. उजवीकडच्या तीन आणि डावीकडची सिमेंट न लागलेली तिसरी, यांत काडीचाही फरक नव्हता. बांधताना दोघांनी तशी पैजच लावली होती, की आपला हात कुठं संपला आणि दुसऱ्याचा कुठं सुरू झाला हे पुढं कुणाला सांगता येऊ नये. आज ते सांगायलाच बद्रीनाथ आला होता.

समोर कडुलिंबाच्या झाडाखाली, बघ्यांच्या मागं, सगीरा उभी होती. पडदा वर केलेला.

साहेब तरुण होता, चष्म्याचा, बोलायला चांगला. त्यानं म्हाताऱ्याला खुर्ची आणायला सांगितली, पण बद्रीनाथ खुर्चीवर बसला नाही. जुनं काम बघत बघत, चौथऱ्याच्या पायऱ्या चढून तो आत गेला आणि दिवाळीला माणूस आपल्या घरात फिरतो तसा कमानीकमानीखालून फिरला. पडलेल्या कमानीपाशी जरा थांबला. मग पलीकडे सरकून उभा राहिला आणि साहेबाच्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागला. तात्यासाहेब, सांडू आणि कारभारी साहेबाच्या मागं होते. सांडू बापाच्या तोंडाकडं बघत होता. पाच वर्षांचा असताना विहिरीत पडला होता, तेव्हा वर काढल्यावर त्यानं असंच बघितलं होतं.

साल विचारलं, ते सांगितलं. चुना कसा करत, तेही सांगितलं. कारकून लिहून घेत होता.

“डावीकडच्या कमानी कुणी बांधल्या?” साहेबानं विचारलं.

“इब्राहीम मिस्त्रीनं.”

“काम कसं होतं?”

बद्रीनाथनं एकदाच झाडाकडं बघितलं. मग सांडूकडं बघितलं आणि त्याच्यावरच नजर ठेवून तो बोलला.

“कच्चं व्हतं. चुना पुरा मुरू दिला नव्हता. घाई केली. तवाच माझे वडील म्हनले व्हते, ह्या बाजूचं टिकनार नाय.”

तात्यासाहेबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. कारभारी जमिनीकडं बघत होता. साहेबानं डावीकडच्या उरलेल्या कमानींकडं मान वर करून पाहिलं.

“म्हणजे याही कच्च्याच?”

“व्हय साहेब. ह्याबी.”

“पाडाव्या लागतील मग,” साहेब कारकुनाला म्हणाला. एवढं ऐकल्यावर लोक मागं सरले, शिपायानं पायऱ्यांवरच्या दोघांना हाकललं, कारकुनानंही वही छातीशी धरून दोन पावलं मागं घेतली. साहेब स्वतः मागं झाला आणि तिथून त्यानं काळजीनं हाक मारली. “बाबा, अहो तुम्ही कुठं उभे आहात? तुम्हीच कच्ची म्हणता आणि तिच्याखालीच उभे? बाहेर या आधी.”

बद्रीनाथनं वर बघितलं. तो डावीकडून तिसऱ्या कमानीखाली होता. सांडूचं सिमेंट इथवर पोचलं नव्हतं. नऊ पाकळ्या होत्या तशा होत्या. आपण इथं कधी येऊन उभे राहिलो हे त्याला आठवेना. पाय आपणहून आले होते. अख्ख्या कचेरीत त्यांना ही एकच जागा भरवशाची वाटली होती. मिस्त्रीनं हाताला धरून खाली ओढलं होतं तीच ही.

सगळे त्याच्याकडं बघत होते. तो हलला नाही तर आता बोललेलं सगळं खोटं ठरत होतं. साहेबाच्या कपाळावर एक बारीक आठी दिसायलाही लागली होती. सांडूनं “आबा,” म्हणून हाक मारली.

मग बद्रीनाथनं खांद्यावरचं उपरणं डोक्यावर धरलं आणि वरून काही पडेल या भीतीनं म्हातारा माणूस पळतो तसा, वाकून, घाईघाईनं, तो इब्राहीम मिस्त्रीच्या कमानीखालून बाहेर आला. पायरीवर त्याचा तोल गेला. साहेबानं पुढं होऊन त्याला दंडाला धरलं आणि म्हणाला, “वाचलात, बाबा.”

झाडाखालून सगीरा हे बघत होती. गवंड्याच्या घरात नांदलेली बाई ती, साचा काढतानाचा रिवाज तिला कुणी समजावून सांगायला नको होता. तो कमानीखाली का जाऊन उभा राहिला हे तिला कळलं होतं, आणि बाहेर का आला तेही. तिनं पडदा खाली घेतला.

कारकुनानं वही पुढं केली. बद्रीनाथला सही येत होती. ती त्याला याच व्हरांड्यात गयासनं शिकवली होती. पण त्यानं शाईत अंगठा बुडवला.